पिवडीचा डाग

तात्यांनी मला पहिलं काम दिलं ते नुसतं बसून राहायचं. वाईच्या गणपती घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळासमोरच्या फरसबंदीवर त्यांनी एक गोणपाट टाकलं, समोरची पायरी दाखवली आणि म्हणाले, "ही बघत बस. दुपारी जेवायला ऊठ, जेवून परत ये. संध्याकाळी मला सांग, हिचा रंग कुठला."

मी पंधरा वर्षांचा होतो. त्याच पायरीवरून डोहात उड्या मारत पोहायला शिकलो होतो. बसायच्या आधीच मी सांगून टाकलं, "काळा."

"काळा माझ्या डब्यात पण आहे," तात्या म्हणाले. "बस."

1996 चा उन्हाळा. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची. घाटावर टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग आहे, पाणी भरायला पोरं हवी आहेत, रोजाचे पन्नास रुपये आणि दोन वेळचं जेवण मिळणार, एवढं कानावर आलं आणि मी पळत सुटलो. दोन दिवस हंडे वाहिले. रंगाच्या बादल्या घासायला कोणी पोरगा तयार होत नव्हता, मी झालो. तसा मी सेट रंगवणाऱ्या तात्यांच्या हाताखाली आलो.

पायरी बघत बसलो. सकाळी देवळाची सावली होती तोवर तिच्यात निळसर झाक होती, पारव्याच्या मानेसारखी. दहाच्या सुमाराला ती राखेसारखी झाली. बाराला तर बघवेना, दगडावरून ऊन असं उसळत होतं की पायरी पांढरीच वाटावी. एक बाई धुणं पिळून गेली, तिथं पाण्याचा ओघळ गेला तेवढीच पट्टी कुळकुळीत काळी झाली आणि बघता बघता विझून गेली. कड जिथं झिजून गोल झाली आहे तिथला रंग वेगळा, सांध्यात जिथं साबण मुरलाय तिथला वेगळा. पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं तिथं एक पुसट आडवी रेघ आहे, तीही मला त्याच दिवशी पहिल्यांदा दिसली. ऊन कललं तसा सगळा दगड पिकल्या जांभळासारखा झाला.

"तात्या, काळा सोडून सगळे आहेत," मी संध्याकाळी म्हणालो. त्यांनी मान हलवली नाही, शाबासकी दिली नाही. "उद्या आठला ये," एवढंच म्हणाले.

ज्या दगडावर पंधरा वर्षं वावरलो तो मला एका परक्या माणसानं दाखवला, हे त्या दिवशी कळलं नाही. कळायला बरीच वर्षं जावी लागली.

इतर गावांना चौक असतो, वाईला घाट आहे. भाजी आणायला निघालेला माणूस घाटावरून वाट वाकडी करतो. लग्नाचं वऱ्हाड इथं येतं, दहाव्यालाही इथंच यायचं. कृष्णाबाईचा उत्सव आला की एकेका आळीच्या घाटावर मांडव पडतात, पालखी निघते, जेवणाच्या पंगती बसतात. अफजलखानाच्या स्वारीचं संकट टळावं म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. आत एकाच पाषाणातली, सुमारे दहा फूट उंचीची मूर्ती आहे. पण मला विचाराल तर या देवळाची खरी बुद्धी त्याच्या पाठीमागे आहे. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोट त्या टोकावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याला अडवायचं नाही, वाट करून द्यायची, हे त्या गवंड्याला उमजलं होतं. आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ही भिंत आम्हा पोरांना हात लावून दाखवली होती.

शेजारीच काशीविश्वेश्वर, त्याचा गुळगुळीत नंदी, दीपमाळा. वाईला दक्षिण काशी म्हणतात, आणि सिनेमावाल्यांनी हे नाव फारच मनावर घेतलं. मुंबईहून निघालेला ट्रक एका रात्रीत पोचतो, राहायला वर पाचगणी आहे, आणि नदीकाठी उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, शिखरं, वाडे असे आहेत की कॅमेरा थोडा इकडचा तिकडे केला की गंगेकाठचं गाव उभं राहतं. 'गंगाजल'मध्ये आमचं वाई बिहारमधलं तेजपूर झालं. 'स्वदेस'मध्ये तीन किलोमीटरवरचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. 'दबंग'मध्ये लालगंज. 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तर तमिळ मुलूख. ज्या मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आहे, ज्या घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगिजांची घंटा टांगली आहे, त्या मेणवलीला मुंबईच्या थिएटरात माझ्या शेजारचा माणूस "यूपीकडचं गाव दिसतंय" म्हणाला होता. मला राग आला नाही. घशाशी काहीतरी आलं. आपल्या आईला कुणी दुसऱ्याच नावानं हाक मारावी आणि तिनंही शांतपणे "ओ" द्यावी, तसं वाटलं.

त्या मालिकेसाठी घाटावर एक पार हवा होता. पिंपळाचा, पाचसहा माणसं बसतील एवढा. सुतारांनी लाकडी सांगाडा ठोकला, प्लाय मारला, वर पीओपीचा थर दिला. पांढराफटक, नवा कोरा ठोकळा. त्याचा अडीचशे वर्षांचा दगड करायचं काम तात्यांचं.

त्यांच्या डब्यांत पिवडी, गेरू, काजळी, नीळ अशी साधी कोरडी रंगद्रव्यं असायची. सरस उकळून त्यात रंग कालवायचा. शेवाळ करायला लाकडाचा बारीक भुसा हिरव्यात भिजवून सांध्यात चोपायचा. चहाची उकळलेली पत्ती फडक्यातून पिळून वरून सोडायची, म्हणजे पावसाचे ओघळ येतात. आधी गडद रंग, वर फिका, मग ओल्या फडक्यानं पुसून खालचा परत वर आणायचा. शेवटी केरसुणीचे चार हीर घेऊन रंगात बुडवायचे आणि बोटावर आपटायचे, म्हणजे दगडाला कण येतो. "दगड रंगवायचा नसतो," ते म्हणायचे, "दगडाचं वय रंगवायचं."

आणि एक नियम त्यांनी पहिल्या दिवशी सांगितला तो असा: खऱ्या दगडाला हात लावायचा तो फक्त तळव्यानं. रंगाचा नमुना जुळतो का बघायला म्हणूनसुद्धा पायरीवर एक फराटा मारायचा नाही. साचा घ्यायला पायरीवर पीओपी ओतायचा नाही. "आपला रंग आपल्या प्लायला. तो दगड आपला नाही."

तात्या लालबागचे. मिलच्या छपाई खात्यात रंग कालवायचे. रात्री कामगार रंगभूमीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो काही त्यांच्यासाठी संपला नाही. मिल परत कधी लागलीच नाही. दोन वर्षं गणपतीच्या मांडवांची सजावट, दुकानांच्या पाट्या, जे मिळेल ते केलं, आणि मग कोणीतरी त्यांना गोरेगावच्या चित्रनगरीत सेटच्या कामावर नेलं. हे सगळं त्यांनी मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. रंग घोटता घोटता, तुकड्या तुकड्यांनी कानावर आलं. स्वतःची कहाणी सांगायची त्यांना सवयच नव्हती.

पार तयार झाला त्या संध्याकाळची गोष्ट. घाटावर आक्का धुणं धुवायच्या. आळीतल्या चार वाड्यांचं धुणं त्यांच्याकडे होतं आणि खालून चौथी पायरी त्यांची होती. कागदोपत्री नव्हे, पण चाळीस वर्षांची. शूटिंगमुळे ती पायरी आठ दिवस बंद झाली होती. प्रॉडक्शनच्या एका पोरानं त्यांना जरा आवाज चढवूनच "मावशी, निघा इथून" म्हटलं होतं. तात्यांनी ते लांबून ऐकलं. हातातला कुंचला ठेवून ते खाली उतरले, आक्कांची बादली स्वतः उचलली आणि पलीकडे भीमकुंडाकडच्या अंगाला नेऊन ठेवली. "आक्का, आठ दिवस माझ्यासाठी इथं करा," म्हणाले. आठही दिवस सकाळी सहाला बादली त्यांनीच नेली. मी नेतो म्हटलं तर नको म्हणाले. "अडचण आपण केली आहे, ओझं आपण उचलायचं."

तर त्या संध्याकाळी आक्का पिळे घेऊन वर आल्या, दमल्या होत्या, आणि पिळ्यांची बादली त्यांनी धप्‌कन पारावर ठेवली. पार पोकळ वाजला. आक्का चमकून मागे सरल्या, मग पुढं होऊन त्यांनी टिचकी मारून बघितली, नखानं जरा खरवडून बघितलं.

"अगं बाई! ह्यो लाकडाचा हाय व्हय? म्या म्हनलं, हितं पार कवा बांदला?"

तात्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पुढं मी पुष्कळ बक्षीस समारंभ बघितले. तसा चेहरा कुठल्याही मंचावर बघितला नाही.

पॅकअपच्या दिवशी तात्या आमच्या घरी आले. दारात चपला काढून खाली बसले, आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, याला अकरावीला घाला. पण मे महिन्यात माझ्याकडे पाठवा." आईनं विचारलं, राहील कुठं? तात्या म्हणाले, "माझी खोली आहे ना."

ती खोली दहा बाय बारा होती. तात्या, काकू, दोन मुली आणि तात्यांची आई. पहिली दोन वर्षं मी सुट्टीत जात होतो, बारावीनंतर कायमचाच गेलो. साडेतीन वर्षं त्या खोलीच्या बाहेर, चाळीच्या गॅलरीत माझी वळकटी पडायची. पाऊस आला की आत, दाराशी. काकूंनी मला कधी विचारलं नाही की तू किती दिवस आहेस. पहिला पगार झाला तेव्हा मी दोनशे रुपये त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले, डब्यात ठेवले, आणि दिवाळीला त्याच पैशांचं आईसाठी लुगडं आणून माझ्याबरोबर वाईला पाठवलं. नंतर मी पुन्हा पैसे पुढे केले नाहीत. हे कर्ज पैशात मोजलं तर काकूंचा अपमान होईल एवढं मला समजत होतं.

तात्यांचं नाव पडद्यावर कधी आलं नाही. त्या काळात सेटच्या रंगाऱ्यांची नावं श्रेयनामावलीत यायची ती क्वचितच. मी पुढं सहायक कलादिग्दर्शक झालो, माझं नाव येऊ लागलं. तात्या चाळीतल्या मुलांना बरोबर घेऊन थिएटरात जायचे, सिनेमा संपून दिवे लागले तरी उठायचे नाहीत, आणि माझं नाव वर सरकेपर्यंत मुलांना उठू द्यायचे नाहीत. मला हे काकूंनी सांगितलं.

आता जे लिहायचं आहे ते मी इतकी वर्षं तात्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

2009 साली मी एका सिनेमाचं काम घेऊन वाईला आलो. सिनेमाचं नाव सांगत नाही, त्यानं काही साधणार नाही. घाटावर उत्सवाचं दृश्य होतं. आदल्या रात्री ठरलं की पायऱ्या हळदीनं माखल्यासारख्या पिवळ्या दिसल्या पाहिजेत. वाई हळदीची पेठ, कल्पना वावगी नव्हती. खरी हळद उधळली असती तर दुसऱ्या दिवशी नदीच्या पाण्यानं धुऊन निघाली असती. पण हळद वाऱ्यानं उडते, दोन दिवसांच्या शूटिंगमध्ये रंग सारखा राहणार नाही, असं म्हणून तेलात कालवलेली पिवडी थेट पायऱ्यांना मारायची ठरली. रात्रीचे अकरा वाजले होते. माणसं डबे घेऊन उभी होती. "दगडाला नको" हे दोन शब्द मला म्हणता आले असते. सांगितलं असतं तर वाद झाला असता, कदाचित माझं काम गेलं असतं, कदाचित कोणी ऐकलंही असतं. मी काही बोललो नाही. पाच पायऱ्या पिवळ्या झाल्या. मी उभा राहून बॅटरी धरली.

दोन दिवसांनी पॅकअप झालं, ट्रक गेले. धुऊन देऊ म्हणालेली माणसं ट्रकबरोबरच गेली. सकाळी आक्का घाटावर आल्या. आता त्यांना वाकता येत नव्हतं, धुणं सून धुवायची, आक्का नुसत्या सोबत यायच्या. चौथ्या पायरीपाशी थांबल्या. मला वाटलं बोलतील. त्या काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक ओलं करून पायरी पुसू लागल्या. रंग निघेना, तरी पुसत राहिल्या.

मी पोस्टाजवळच्या बूथवर जाऊन तात्यांना फोन केला. मोबाइल खिशात होता. घाटावर उभं राहून त्यांच्याशी बोलायचा धीर झाला नाही म्हणून एवढं लांब गेलो. काय झालं ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "तेलातला?" मी हो म्हणालो. "उद्या सकाळी येतो. घासणी तारेची आणू नकोस."

तेव्हा ते सत्तरीला आले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. परळहून रात्रीच्या एसटीनं एकटे आले. पिशवीत धुण्याचा सोडा, जुनी सुती फडकी आणि नारळाच्या शेंड्या. मला रागावले नाहीत. मी त्यांच्या रागाची तयारी करून बसलो होतो, ती तशीच राहिली. त्यांनी धोतर वर खोचलं आणि पायरीवर मांडी घातली.

तीन दिवस आम्ही दोघं त्या पाच पायऱ्यांवरचा रंग काढत होतो. ॲसिड वापरायचं नाही, दगड खातं. तार नाही, चरे पडतात. कोमट सोड्याचं पाणी टाकायचं, फडकं पसरून मुरू द्यायचं, मग शेंडीनं गोल गोल घासायचं. तळहाताएवढी जागा निघायला तास जायचा. दुसऱ्या दिवशी आळीतली दोन पोरं आपणहून आली. आक्कांची सून आली. तिसऱ्या दिवशी देवळात निघालेली माणसं वाटेत थांबून शेंडी हातात घेऊन चार हात मारून जाऊ लागली. कोणी मला एका शब्दानं विचारलं नाही की हे कोणी केलं. सगळ्यांना माहीत होतं.

चार पायऱ्या निघाल्या. चौथी, आक्कांची, पुरती निघाली नाही. आमचा दगड हा ज्वालामुखीचा. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकले, त्यांची बारीक भोकं राहिली. कुठल्या पायरीत कमी, कुठल्या जास्त. चौथ्या पायरीच्या उजव्या अंगाला ती फार आहेत. भोकाभोकांत पिवडी बसली होती. तात्यांनी काडीला कापूस गुंडाळून एकेक भोक टिपायचा प्रयत्न केला. डोळा दिसत नव्हता म्हणून बोटानं चाचपत होते. सूर्य मावळल्यावर ते थांबले. तळवा त्या जागेवर ठेवून थोडा वेळ बसले.

"राहू दे आता," म्हणाले. "पुढचं नदी बघेल."

निघताना बसस्टँडवर मी त्यांच्या पाया पडलो. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी पिशवीतून एक चपटा कुंचला काढून माझ्या हातात दिला. केस झिजून निम्मे उरलेले, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. पाराला शेवटचा हात त्यांनी याच कुंचल्यानं फिरवला होता. "माझ्या हातून आता काम होत नाही," म्हणाले. एवढं झाल्यावरही त्यांनी तो मला दिला. का दिला, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि 2012 मध्ये ते गेले.

त्यानंतर मी वाईत तीन वेळा काम केलं. प्रत्येक वेळी कागदावर आधी एक ओळ लिहून घेतो की बांधकामाला रंग, खिळा, चिकटपट्टी काहीही लागणार नाही. काही जण हसून सही करतात, काही कुरकुरतात. एकदा याच ओळीवरून काम सुटलं. धुणाऱ्या बायकांची बादली सकाळी सहाला मी नेतो.

आक्का आता नाहीत. चौथ्या पायरीवर त्यांची नातसून बसते. उन्हाळ्यात पायरी कोरडी असते तेव्हा काहीच दिसत नाही, बाकीच्या दगडासारखीच ती सकाळी पारवी असते, संध्याकाळी जांभळी. मृगाची पहिली सर येते. मी वाईत असलो तर छत्री न घेता जातो आणि उजव्या अंगाला वाकून बघतो. दगड भिजून काळा होऊ लागतो, आणि त्या बारीक भोकांतून, मोहरीच्या दाण्याएवढे, पिवळे ठिपके एकेक करून वर येतात. गेल्या वर्षी मी ते मोजले. एकोणीस होते. त्याच्या आदल्या वर्षी तेवीस होते.